पाकिटातलं मत

ठाकुर्ली, २४ नोव्हेंबर २०२४

सुदेश,

आशीर्वाद आहेच. तो काही फोन उचलण्यावर अवलंबून नसतो.

मतदानाच्या दिवसापासून मी फोन लावतेय आणि तू कापतोयस. ऐश्वर्याचा उचलतोस, ते मला ठाऊक आहे, कारण बायकोशी तुझं बोलणं सुरू झालं की ती गॅलरीत जाते आणि दार ओढून घेते. म्हणून हे पत्र तुझ्या पलटणीच्या पत्त्यावर पाठवतेय. पत्र कापता येत नाही, फाडावं लागतं. आईचं पत्र फाडायला तुझा हात धजावणार नाही, एवढं मी तुला ओळखते.

तो व्हिडिओ तू पाहिलास. मीही पाहिला. दौलतने मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. सेक्रेटरी झाल्यापासून त्याला दुसरं काम नाही. त्यात मी जेमतेम दोन वाक्यं बोलते. त्याआधीचं कोणी दाखवत नाही, म्हणून ते मी लिहिते.

डब्यांच्या पोळ्या उरकून मी दुपारी मतदानाला गेले. शाळेत गर्दी नव्हती. टेबलावरच्या मुलीने यादीत माझं नाव शोधलं, थांबली, आणि म्हणाली, "काकू, तुमचं मतदान झालंय."

"कधी?"

"सकाळीच."

मी डाव्या हाताचं बोट तिच्यासमोर धरलं. त्याला कणकेशिवाय काही लागलेलं नव्हतं. मागच्या एक बाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, एका मताने काय होतंय." आता हे माझ्यासारखीला सांगायचं का? तुझे बाबा आधीच मत देऊन बाहेर उभे होते. ते खिडकीतून 'चल' म्हणून खुणा करत होते. मी खुर्ची ओढून बसले.

मग केंद्राचे मुख्य अधिकारी आले. मुरबाडकडचे कुठले तरी शिक्षक होते बिचारे, डोळे जागरणाने लाल झालेले. त्यांनी माझं कार्ड बघितलं, नवऱ्याचं नाव विचारलं, पत्ता विचारला, बोट उलटसुलट करून बघितलं. म्हणाले, "तुम्ही खऱ्या आहात, हे मला पटतंय. एक मार्ग आहे. त्याला प्रदत्त मत म्हणतात. यंत्रावर नाही, कागदावर. तुम्ही शिक्का मारायचा, मी तो कागद पाकिटात बंद करायचा. पण खोटं सांगत नाही बाई, हे पाकीट मोजणीत धरत नाहीत. कोर्टाने मागितलं तरच उघडतात."

"मग देता कशाला?"

"तुम्ही आला होतात, एवढं तरी राहतं."

मला तो माणूस आवडला. मी शिक्का मारला, अगदी रेषेच्या आत, आणि कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली. तक्रारही लिहून दिली.

बाहेर एक पोरगा फोन धरून उभा होता. "मावशी, काय झालं?" मी म्हणाले, "माझं मत कोणीतरी देऊन गेलं. माझा मुलगा तिकडे सीमेवर उभा आहे आणि इथे माझ्या नावावर दुसरंच कोणीतरी उभं राहिलं. कोण ते सरकारने शोधावं." शब्द माझेच आहेत, नाकारत नाही. त्याखाली 'निवडणूक चोरली' हे त्या पोराने लिहिलं. आणि 'सैनिकाची आई असून देशद्रोही' हे दौलतने लिहिलं.

काल निकाल लागला. जिंकणारा एवढ्या फरकाने जिंकला की माझ्या पाकिटाने त्याचा केसही हलला नसता. तरी मला माझ्या पाकिटाचा अभिमान वाटतो, काय करू?

थंडी वाढली असेल. मोजे दोन दोन घाल.

आई

ठाकुर्ली, ८ डिसेंबर २०२४

सुदेश,

ऐश्वर्याला सांगायचं नव्हतं. मेथी निवडता निवडता मी तिच्याकडून काढून घेतलं.

तुमच्या बराकीत कोणीतरी तो व्हिडिओ लावला. त्याखालचं पूर्ण नाव वाचून विचारलं, "सकपाळ, ये तेरी माँ है क्या?" आणि तू नाही म्हणालास. "हमारे यहाँ विठ्ठल की बीवी का नाम रखमा ही रख देते हैं, होगी कोई दूसरी रखमाबाई." सगळे हसले म्हणे.

तसं ते खोटं नाही. माझं माहेरचं नाव चित्रा. तुझ्या बापाचं नाव विठ्ठल, म्हणून तुझ्या आजीने लग्नात ताटातल्या तांदळावर रखमा लिहायला लावलं. आपल्या गावात वाडीला दोन विठ्ठल आणि त्यांच्या दोन रखमा, ही हौसच आहे आपल्याकडची. चित्रा गेली तेव्हा मी दोन दिवस रडले आणि विसरले. तुझं ते 'दूसरी' मात्र विसरता येत नाही. तू मला रागावलास, बोलला नाहीस, चालतं. पण चार लोकांत आपल्या आईला ओळख दिली नाहीस, हे मला फार लागलं सुदेश. आडवळणाने सांगत नाही.

तुझ्या साहेबांनी तुला बोलावून विचारलं, हेही समजलं. वर्दीतल्या माणसाने राजकारणात पडायचं नसतं आणि मी तुला त्यात ओढलं. तुझा तो राग रास्त आहे. यापुढे बाहेर कुठेही तुझं नाव माझ्या तोंडून येणार नाही.

पण तू निरोप पाठवलास की आईने लिहून द्यावं, तिचाच गैरसमज झाला होता. ते मी देणार नाही. बोटाला शाई नव्हती. यात गैरसमज कसला?

इकडे माझा भाव वाढलाय. हरलेल्यांची माणसं आली, म्हणाली, मावशी, आमच्या सभेत बोला, मत कसं चोरलं ते सांगा. म्हटलं, कोणी दिलं ते मला ठाऊक नाही, तुम्हाला कसं ठाऊक? मग जिंकलेल्यांकडून आपला दौलत आला. "काकू, सही करा, विषय मिटवू." दोघांना चहा दिला. दौलतला साखर कमी घातली.

तुझे बाबा जेवताना टीव्हीवर चर्चा लावतात. एकजण म्हणतो, देशावर संकट आहे, आता प्रश्न विचारू नका. दुसरा म्हणतो, सगळं चोरलंय, आता मतच देऊ नका. बाबा पहिल्याला मान डोलावतात. मी दोघांपैकी एकालाही पोळी वाढणार नाही.

गणपतीत तू लोकसभेच्या मतदानाच्या विषयावरून माझ्याशी भांडलास आणि सुट्टी अर्धवट टाकून निघून गेलास. जाताना म्हणालास, "आम्ही तिथे जीव मुठीत धरून उभे राहायचं आणि तुम्ही घरी बसून मतदानावर शंका काढायच्या. हा आमचा अपमान आहे." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. परवा पोळ्या लाटताना सुचलं.

नवीन भरती झालास, तेव्हाची गोष्ट तूच फुशारकीने सांगितली होतीस. तू पहाऱ्यावर होतास, अंधारातून कर्नलसाहेब आले. तू त्यांना ओळखलंस, तरी 'थांब' म्हणालास आणि परवलीचा शब्द विचारलास. साहेब रागावले नाहीत, त्यांनी तुझी पाठ थोपटली. न विचारता सोडलं असतंस तर तुला शिक्षा झाली असती, असं तूच म्हणालास. मग मला सांग, तू विचारलंस त्यात साहेबांचा अपमान झाला का? तू तुझ्या दारावर विचारलंस. मी माझ्या दारावर विचारलं. मला शाबासकी नको, पण तू तरी मला देशद्रोह्यांच्या रांगेत उभं करू नकोस.

उत्तर पाठव. भांडणाचं असलं तरी चालेल.

आई

ठाकुर्ली, २ फेब्रुवारी २०२५

सुदेश,

दोन पत्रांना उत्तर नाही. हे तिसरं. यात बातमी आहे, ती वाच, मग वाटलं तर परत गप्प बस.

काल मंडळाचं हळदीकुंकू होतं. काळुरामने बांधलेल्या नव्या बिल्डिंगमध्ये टिटवाळ्याहून एक म्हातारं जोडपं गेल्या उन्हाळ्यात लेकाकडे राहायला आलंय. त्यातल्या आजी सुनेचा हात धरून आल्या होत्या. बायकांनी धरलंच, "आजी, नाव घ्या." आजी लाजल्या वगैरे नाहीत. खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"दात गेले, केस पिकले, नजर झाली मंद,
विठ्ठलरावांचं नाव घ्यायला अजून तोच आनंद."

सगळ्या हसल्या. मी कुंकू लावता लावता सहज विचारलं, "आजी, तुमचं नाव काय?"

"रखमाबाई. इठ्ठलाची बायको म्हनून रखमा केली गो मला."

"आणि आडनाव?"

"सकपाळ. आमी मूळचे खेडचे."

माझ्या हातातली कोयरी तशीच राहिली. मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "आजी, नोव्हेंबरात मतदान केलंत का?"

"केला तर. नातू घेऊन गेलेला सकाळी. त्या मास्तरान माजा नाव पुकारला, यादीत बघलान नि म्हनतो कसा, आजी, फोटोत तरुण दिसता. मी म्हटला, असंन."

तो फोटो माझा होता, सुदेश. त्या माणसाला यादीत 'सकपाळ रखमाबाई विठ्ठल' सापडलं, त्याने खूण केली. त्यांचं नाव खाली कुठे तरी असणार, त्यांच्या खऱ्या वयासकट. तिथवर तो गेलाच नाही. एका केंद्रावर दोन रखमाबाई असतील, हे आपल्याकडच्या माणसाला सुचायला हवं होतं. मलाही सुचलं नाही. तुला मात्र गंमत करताना सुचलं.

घरी येऊन तुझ्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आता गप्प बस. तू बोललीस की त्या म्हातारीचा व्हिडिओ काढतील. बोगस मतदार म्हणून तिला गावभर नाचवतील." बाबांचं म्हणणं खरं होतं. रात्रभर विचार केला आणि आज सकाळी काहीही न लपवता त्या आजींनाच जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "मी चोर न्हाय गो."

"नाही आजी. तुम्ही तुमचंच मत दिलंत. खूण चुकीच्या नावावर झाली."

"पन तुजा मत माज्यामुळं ऱ्हायला ना?"

"तुमच्यामुळे नाही."

त्या उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, "माजा लुगडा काढ. जाऊन सांगू या." आज रविवार आहे, सगळं बंद असतं, हे पटवायला मला अर्धा तास लागला. उद्या दोघी कल्याणला निवडणूक कार्यालयात जाणार. हे पत्र तोवर उघडंच ठेवते.

सोमवार, ३ फेब्रुवारी

जाऊन आलो. रिक्षात आजींनी मला त्यांच्या लग्नातल्या वऱ्हाडाची हकिगत ऐकवली, त्यामुळे रस्ता कळलाच नाही. कार्यालयातला बाबू आम्हा दोघींची कार्डं शेजारी ठेवून किती तरी वेळ बघत होता. मग मला म्हणाला, "म्हणजे तुम्ही तक्रार मागे घेताय."

"नाही," मी म्हटलं, "पुरी करतेय."

दोघींनी मिळून लिहून दिलं. चोरी झालेली नाही. खूण चुकीच्या नावापुढे झाली असावी, ती तपासावी, आणि एकाच नावाची माणसं असतील तिथे वय आणि फोटो बघून घ्यावं, अशी सूचना पुढच्या वेळी द्यावी. आजींनी सही केली. त्यांना सही येते, अंगठा नाही, हे त्यांनी बाबूला दोनदा सांगितलं.

त्या फोनवाल्या पोराला मी स्वतः गाठलं आणि सांगितलं, हेही दाखव, आजींचं तोंड न दाखवता. म्हणाला, "मावशी, आता हे कोण बघणार?" दौलतने ग्रुपवर लिहिलं, 'बघा, आम्ही म्हणतच होतो, काही झालं नव्हतं.' म्हणू दे. दौलत नुसतं मानत होता. मी विचारलं, म्हणून मला आज ठाऊक आहे. मानणं आणि ठाऊक असणं यात फरक आहे, आणि तेवढ्यासाठी मी तीन महिने शिव्या खाल्ल्या त्याचं मला काही वाटत नाही. उलट ताठ मानेने बाजारात जाते.

तू म्हणालास ते खरं निघालं. दुसरी रखमाबाई आहे. व्हिडिओतली मात्र तुझीच आई होती.

आई

ठाकुर्ली, ११ मे २०२५

सुदेश,

काल संध्याकाळी गोळीबार थांबल्याची बातमी आली. तुझा फोन अजून नाही. ऐश्वर्यालाही नाही. ती नोकरीवर जाते, येते, जेवते, आणि आम्ही तिघं एकमेकांशी फक्त मिठाविषयी बोलतो.

हे पत्र कुठे पोहोचेल ठाऊक नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शुक्रवारी मी भाजी घेऊन येत होते. चाळीच्या तोंडाशी मोठा फलक लागलेला. त्यावर तुझा वर्दीतला फोटो, शेजारी माझा फोटो, आणि मोठ्या अक्षरांत 'वीरमाता रखमाबाई सकपाळ'.

सुदेश, वीरमाता कोणाला म्हणतात ते तुला ठाऊक आहे. ज्या बाईचा मुलगा परत येत नाही तिला म्हणतात. मला वाटलं, बातमी आली, सगळ्यांना कळली आणि मला सांगायची कोणाची हिंमत झाली नाही. मी तिथेच पायरीवर बसले. पिशवीतले कांदे घरंगळत गेले, ते कोणी तरी गोळा करून दिले, कोणी ते आठवत नाही.

दौलत धावत आला. "काकू, काय झालं? वीराची आई ती वीरमाता, म्हणून लावला. तुमचा मान म्हणून."

"माझा मुलगा जिवंत आहे का?"

"अहो आहे ना, म्हणजे, असणारच."

"कधी कळलं तुला?"

"कळलं असं नाही काकू..."

मी त्याला शब्दाचा अर्थ सांगितला. तो पांढराफटक पडला. शिडी आणायलाही थांबला नाही, कठड्यावर चढून त्याने स्वतःच्या हाताने तो फलक उतरवला. पोरगा वाईट नाही. शब्द न विचारता वापरतो, एवढंच त्याचं आहे.

आज सकाळी तो शाल आणि नारळ घेऊन आला. मंडळाला माझा सत्कार करायचाय. मी त्याला बसवलं आणि म्हटलं, "नोव्हेंबरात तू ग्रुपवर मला देशद्रोही लिहिलंस. ते अजून तिथेच आहे."

"काकू, तो विषय वेगळा होता."

"बाई एकच होती ना? मी तेव्हा होते तीच आज आहे. मुलगाही तोच. तेव्हा मी देशद्रोही असेन तर आज ही शाल मला नको. आणि आज मान द्यायचा असेल तर ते शब्द मागे घे, जिथे लिहिलेस तिथेच."

त्याने शालीची घडी परत नीट केली. मग म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "मला म्हणाले तेव्हा मी मेले का?" शाल परत घेऊन गेला. नारळ विसरला.

खरं सांगू का, मला तुझा अभिमान वाटतो. बातम्यांत तोफेचा आवाज आला की छातीत धस्स होतं आणि त्याच वेळी मान वर होते. दोन्ही एकदम होतं. तुझ्या बाबांना मात्र नुसतं धस्स होतं, ते टीव्ही बंद करून देवासमोर जाऊन बसतात. चर्चावाले आता सगळे एका सुरात ओरडतात, पण बाबांना ऐकवत नाही.

तू मला ओळख दे की देऊ नकोस. त्याचं नंतर बघू. नुसतं 'हॅलो' म्हण. ऐश्वर्याला म्हटलंस तरी चालेल. मी दार ओढलेलं असलं तरी ऐकेन.

आई

ठाकुर्ली, ३ जून २०२५

सुदेश,

तुझा फोन आला त्या दिवशी तू ऐश्वर्याशी बोललास, बाबांशी बोललास, आणि मला फक्त "बरा आहे" म्हणालास. मला तेवढं पुरलं होतं. मी अजून काही मागितलं नव्हतं.

आज तुझं पत्र आलं. टपालवाला ते आधी काळुरामच्या बिल्डिंगमध्ये घेऊन गेला होता. तिथल्या रखमाबाईंनी नाव वाचून घेतलं, सैन्यातलं आहे म्हटल्यावर न उघडता नातवाबरोबर धाडलं. आम्हा दोघींची आता अशी देवाणघेवाण चालते. महापालिकेच्या मतदानाला आम्ही जोडीने जाणार आहोत, म्हणजे टेबलावरच्या माणसाला दोन रखमाबाई एकदम दिसतील आणि तो शुद्धीवर राहील.

दौलतने काही पुसलं नाही. पण खाली लिहिलं, 'नोव्हेंबरात मी काकूंबद्दल लिहिलं ते चुकीचं होतं.' कोणाचा अंगठा आला नाही त्याला. मी माझा दिला. शाल अजून त्याच्याकडेच आहे, या उकाड्यात शाल घेऊन करू काय.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस की व्हिडिओत मी बोलायला नको होतं, असं तुला अजून वाटतं. वाटू दे. आपलं त्यावर पुन्हा भांडण होईल आणि मी तयार आहे. तू लिहिलंस की माझी पहिली तिन्ही पत्रं तू तेव्हाच वाचली होतीस आणि परवलीच्या शब्दाचं वाचून दोन दिवस तुला माझा फार राग आला, कारण उत्तर सापडेना. मला हसू आलं.

त्यानंतरचं मी बाबांना वाचायला दिलं. ते चष्मा शोधत राहिले, चष्मा डोक्यावर होता. शेवटी मीच मोठ्याने वाचलं. तू लिहिलंयस:

'परवा संध्याकाळी रोल कॉलला सगळी तुकडी उभी होती. साहेबांनी विचारलं, कोणाला काही सांगायचं आहे का. मी पुढे झालो. म्हणालो, साहेब, नोव्हेंबरात बराकीत मला एका बाईबद्दल विचारलं होतं आणि मी खोटं बोललो होतो. ती दुसरी कोणी नाही. ती माझी आई आहे.'

शेवटच्या वाक्याशी मी कागद डोळ्यांजवळ नेला. ऐश्वर्या म्हणाली, "आई, द्या, मी वाचते." मी दिलं नाही. ते माझं वाक्य होतं, ते मीच वाचलं.

आता ये. आणि भांडायचं असेल तर सुट्टी जास्त घेऊन ये.

तुझी आई,
रखमाबाई विठ्ठल सकपाळ